'क्षयरोग' कुठे शोधायचा: 'क'मध्ये की 'ह'च्या पुढे?

प्रश्न असा आहे: ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत विषयशीर्षके अकारविल्हे चाळताना 'क्षयरोग' हे शीर्षक क्रिकेट, क्रीडा यांच्या मागोमाग 'क'मध्येच दिसले. आपण तर 'अ ते ज्ञ' म्हणतो. मग हा क्रम चुकला आहे का?

चुकला म्हणता येणार नाही. क्ष म्हणजे क् + ष आणि ज्ञ म्हणजे ज् + ञ. संस्कृत कोश ही जोडाक्षरे फोडूनच शब्द लावतात. आपट्यांच्या संस्कृत कोशात 'क्षय' 'क'मध्ये मिळतो. 'ज्ञान' 'ज'मध्ये, तोही 'ज्योतिष'च्या आधी, कारण ञ हा य च्या आधीचा.

मराठीने मात्र या दोघांना ह, ळ यांच्यानंतर स्वतंत्र घर दिले. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या वर्णमालेतही ती 'विशेष संयुक्त व्यंजने' म्हणून वेगळी आहेत. मराठी विश्वकोश 'अंक'ने उघडतो आणि 'ज्ञेयवाद'ला मिटतो. या दोन टोकांच्या नोंदींतच आपला क्रम कळतो: अनुस्वार असलेले अक्षर आधी, ज्ञ सर्वांत शेवटी.

खरी अडचण ळ ची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत; तिच्यातली देवनागरीची मांडणी एकट्या मराठीसाठी केलेली नाही. तिथे ळ हा ल च्या शेजारी बसतो. मराठीचा क्रम न शिकवता नुसत्या युनिकोड-क्रमांकांवर यादी लावली, की कला, कळसूत्री बाहुल्या, कविता, कशिदा अशी रांग लागते. वर्णमालेप्रमाणे कळसूत्री बाहुल्या कशिद्याच्याही पुढे हव्यात. तिथे शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत आणि या विषयावर पुस्तकच नाही असे समजून तो परत जातो. ॲ ची तऱ्हा आणखी विचित्र. हे अक्षर एकसंधही टंकता येते आणि अ ला चंद्र जोडूनही. दिसायला दोन्ही सारखीच, पण अशा यादीत एक 'ॲल्युमिनियम' 'आ'च्या आधी येते आणि दुसरे थेट 'ह'च्याही पलीकडे.

माझे मत स्पष्ट आहे. मराठी वाचकांसाठीची तालिका मराठी वर्णमालेनेच लावावी, कारण शाळेत पाठ केलेला तोच क्रम वाचकाच्या बोटांत असतो. संस्कृत कोशांची सवय असलेल्यांसाठी 'क' संपतो तिथे 'क्ष पाहा' आणि 'ज'मध्ये 'ज्ञ पाहा' एवढी नोंद पुरे. छापील सूचीतही हेच करावे.

तोवर तालिका चाळताना 'क'पासून खाली सरकत जाऊ नका. शोधचौकटीत 'क्षय' एवढे टंकून थेट त्या जागी जा. ळ असलेला विषय मिळाला नाही तर ल च्या लगत पाहा, आणि ॲ चा शब्द दोन्ही तऱ्हांनी टंकून पाहा.