मधलं नाव उडवू नका

ताई, जय ख्रिस्त.

साताऱ्यातल्या तुमच्या मंडळीत रविवारच्या शाळेला ८०-९० मुलं येतात, वही घेऊन दारात उभं राहायला कुणी मिळत नाही, कमिटीने दोन टॅब मंजूर केलेत आणि नाताळच्या आत मोबाईलवरचं चेक-इन, म्हणजे मुलं आली-गेली याची नोंद, सुरू करायचंय. तेव्हा ॲप कोणतं घेऊ आणि प्रिंटर कोणता, एवढंच तुम्ही विचारलंय. पण पोस्टचं शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. 'नावांची एक्सेल शीट तयार आहे, ती फक्त चढवायची बाकी आहे.' त्या 'फक्त'साठी हे एवढं लांबण लावतोय.

मी सांगलीचा. साखर कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यात जन्म गेला, कॉम्प्युटरमधला जाणकार वगैरे नाही. २०२२ साली आमच्या चर्चमधलं हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला एक्सेल येतं असा कमिटीचा समज होता. तेव्हा हा एका मंडळीचा अनुभव समजा, शास्त्र नव्हे.

ॲपचं आधी उरकतो. प्लॅनिंग सेंटर बघा, चर्चट्रॅक बघा, आणखीही आहेत. चाल साधारण एकच. आई दारात येते, फोन नंबर दाबते, घरातल्यांची नावं पडद्यावर येतात, मुलांवर टिक करते, दोन चिठ्ठ्या निघतात. एक पोराच्या अंगावर, एक आईच्या हातात, दोन्हीवर एकच कोड आणि तो दर रविवारी नवा. नेताना कोड जुळला तरच पोर सोडायचं. प्रिंटर आम्ही ब्रदर कंपनीचा क्यूएल मालिकेतला घेतला. थर्मल आहे, म्हणजे उष्णतेने छापतो, शाईची भानगड नाही. मात्र रोल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. एप्रिलमध्ये आमचा अख्खा रोल काळपटला होता. आयपॅड असेल तर गायडेड ॲक्सेस लावा आणि अँड्रॉइड असेल तर स्क्रीन पिन करा, म्हणजे एकच ॲप उघडं राहतं, नाहीतर पहिल्याच रविवारी पोरं त्यावर कार्टून लावून बसतील. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता न विचारलेलं.

आमचं हजेरी रजिस्टर जुनं, हाताने लिहिलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा ते खालच्या कपाटात होतं. पुढे ते पान पान सुटं करून दोरीवर वाळवलं. काही पानं चिकटली, शाई पसरली, पण वाचता येत होतं. त्यावरूनच मी एक्सेल केली. रजिस्टरमध्ये आपल्या पद्धतीने आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. ॲपला हवं होतं पहिलं नाव आणि शेवटचं नाव. मधल्या नावाचा रकाना त्यात होता, पण सक्तीचा नव्हता. शिवाय स्टिकरवर तीन नावं बसेनात, अक्षरं मुंगीएवढी होत होती. मी काय केलं, वडिलांच्या नावाचा कॉलम निवडला आणि उडवला. एक बटण. फाईल त्याच नावाने सेव्ह केली.

इथेच मी मेलो, पण ते कळायला पाच महिने लागले.

आमच्याकडे एक मोठं एकत्र कुटुंब आहे. दोघा भावांच्या पहिल्या मुलींना आजीचंच नाव ठेवलेलं. आपण एस्तेर म्हणू, खरं नाव वेगळं आहे. घरात आणि मंडळीत सगळे त्यांना मोठी एस्तेर, छोटी एस्तेर म्हणायचे. आडनाव एक, पत्ता एक. फोन नंबरही एकच, आजोबांचा, कारण रजिस्टर लिहिलं तेव्हा त्या घरात तेवढाच नंबर सगळ्यांना पाठ होता. वेगळं होतं ते फक्त वडिलांचं नाव. जन्मतारखेचा रकाना म्हणाल तर निम्माअधिक कोरा. तारखा बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये असतात आणि ते पाळकसाहेबांच्या कपाटात कुलपात असतं.

शीट चढवल्यावर ॲपने विचारलं, ३८ नावं दुबार दिसतात, एकत्र करायची का? रात्रीचे साडेअकरा. मी पहिली दहा नीट बघितली. खरंच दुबार होती. कुणाचं नाव नात्याच्या दोन घरांत, कुणाचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी. पुढे मग हो, हो, हो. 'हे परत फिरवता येणार नाही' असं प्रत्येक वेळी खाली लिहून येत होतं. कारखान्यात चेकवरची एकेक सही तपासणारा माणूस मी, आणि तिथे मात्र वाचायचा कंटाळा केला.

छोटीला शेंगदाणे चालत नाहीत. तिच्या आईने नावनोंदणीच्या कागदावर लाल पेनाने तसं लिहून दिलं होतं आणि मी ती सूचना छोटीच्या नावावर घातलीही होती. एकत्र करताना मोठीची नोंद मुख्य धरली गेली आणि तिचा सूचनेचा रकाना कोरा होता. झालं, सूचना गेली. त्यानंतर दर रविवारी दोघींपैकी कुणीही आली तरी एकच एस्तेर हजर दिसायची. दोघी एकत्र आल्या की दारात टॅबवर बसणारी मुलगी एकच चिठ्ठी पुन्हा छापून द्यायची. तिला वाटलं, ॲपचा घोळ आहे. मलाही कुणी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, 'बघतो.' बघितलं नाही.

पाच महिने काही झालं नाही, कारण छोटीच्या वर्गाच्या बाईंना तिचं शेंगदाण्याचं तोंडपाठ होतं. एका रविवारी त्या गावी गेल्या आणि बदली म्हणून तरुण संघातला एक मुलगा बसला. खाऊला चिक्की होती. त्या मुलाने अगदी शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाच्या स्टिकरवर सूचनेची खूण आहे का ते बघितलं. छोटीच्या स्टिकरवर खूण नव्हती. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा व्हायला लागला. उपासना चालू होती. तिच्या काकाने मधूनच उठून गाडी काढली आणि मिरज गाठली. मिरज जवळ आहे, डॉक्टरांचं गाव आहे, म्हणून निभावलं. इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, पोर घरी आली.

तिची आई ओरडली असती तर बरं झालं असतं. दवाखान्याच्या बाकावर ती मला एवढंच म्हणाली, "भाऊ, मी लिहून दिलं होतं ना?"

त्या बदली मुलाने पुढे वर्षभर वर्गात पाय ठेवला नाही. त्याची काडीची चूक नव्हती. हे मी कमिटीत उभं राहून सांगितलं, पण लोक त्याचंच नाव घ्यायचे, कारण चिक्की त्याच्या हातातून गेली. माझं बोट कुणी पाहिलं नव्हतं.

मग दुरुस्ती. ॲपच्या मदतकेंद्राला मेल टाकला. नम्र उत्तर आलं की एकत्र केलेल्या नोंदी सोडवता येत नाहीत. मूळ फाईल मी स्वतःच पुसली होती. शेवटी तेच पुरात भिजलेलं रजिस्टर बाहेर काढलं. आमच्या निवृत्त शिक्षिकाबाई चष्मा लावून एकेक ओळ वाचायच्या आणि मी लिहून घ्यायचो, असे तीन रविवार गेले. ३८ पैकी ७ नोंदी चुकीच्या जोडल्या होत्या. त्यात दोन ठिकाणी चक्क बाप आणि मुलगा एक झाले होते.

म्हणून ताई, शीट चढवण्याआधी तीन नावं तीन कॉलमांत ठेवा. स्टिकरवर वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आलं तरी पुरतं, पण आत पूर्ण नाव हवं. मूळ फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून तो दुसऱ्याच्या घरी ठेवा. जन्मतारीख नसलेलं एकही मूल चढवू नका. पाळकसाहेबांकडून एक दुपार मागून घ्या आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरून भरा. आणि दुबार नावं ॲपला कधीही जोडू देऊ नका. त्यांची यादी छापा, मंडळीतल्या एखाद्या जुन्या बाईंसमोर ठेवा. कोण कुणाची कोण, हे त्यांच्याइतकं कुठल्याच सॉफ्टवेअरला कळत नाही. आजोबांचा नंबर सगळ्या घराला लावणंही बंद करा, प्रत्येक आईचा वेगळा नंबर घ्या. आईला स्वतःचा फोन नसेल तर नंबर बापाचा चालेल, पण मग मुलाला कोण कोण नेऊ शकतं त्यांची नावं लिहून घ्या. आपल्याकडे काका, मामा, शेजारी, कुणीही 'मी नेतो' म्हणून येतो आणि त्याला नाही म्हणायचं म्हणजे संडे स्कूलच्या पोरींना घाम फुटतो.

खाऊबद्दलही माझं मत ऐकून ठेवा, पटलं तर घ्या. आमच्या भागात पोरांचा खाऊ म्हणजे चिक्की नाहीतर भडंग, दोन्हीत शेंगदाणा. आता केळं देतो. राजगिऱ्याचा लाडूही विचारून घ्यावा लागतो, काही जण त्यात दाण्याचं कूट घालतात. तुमच्याकडे कंदी पेढ्याचा मोह होईल, पण दूध न चालणारं पोरही निघतंच. काही म्हणतील, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्यांच्याशी वाद घालू नका, सरळ केळं द्या.

आता थोडं मनातलं बाहेर काढतो, राग मानू नका. पालकांना 'मुलाला न्यायला या' असा एसएमएस जावा अशी आमच्या कमिटीची हौस. परदेशी ॲपमध्ये तशी सोय दिसते, पण आपल्याकडे संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, नोंदणी लागते. संस्थेची वेगळी, पाठवणाऱ्याच्या नावाची वेगळी, मेसेजच्या मजकुराची वेगळी. मी एका दूरसंचार कंपनीच्या पोर्टलवर ट्रस्टचे कागद तीनदा चढवले. एकदा म्हणे शिक्का अस्पष्ट, एकदा म्हणे पत्र लेटरहेडवर नाही, तिसऱ्यांदा काहीच कारण न देता नामंजूर. फोन लावला की एक गाणं आणि मग दुसरं गाणं. दोन महिने घालवून सोडून दिलं. आता वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि अगदीच नड असेल तर बाई सरळ फोन लावतात. ९० मुलांसाठी तेवढं पुष्कळ झालं.

पैशाचंही बघून ठेवा. ॲपची वर्गणी डॉलरमध्ये असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. २०२० पासून नव्या कार्डांवर ते बंदच येतात. शिवाय ट्रस्टचं खातं दोघांच्या सहीने चालत असेल तर कार्ड मिळतं का, हे आधी शाखेत विचारा. कुणाच्या खासगी कार्डावरून भरू नका. तो माणूस पुण्याला बदलून गेला की ॲपच्या ईमेलसह सगळं त्याच्या खिशात जातं. खात्यासाठी चर्चच्या नावाचा ईमेल काढा आणि पासवर्ड दोघांना माहीत असू द्या. वर्षाची वर्गणी भरण्याआधी सहा रविवार वापरून बघा.

मुलांची माहिती परदेशी सर्व्हरवर जातेय, तेव्हा पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. त्यातले बारकावे वकिलाला विचारा, मी वकील नाही. आम्ही नावनोंदणीच्या कागदावर मराठीत दोन ओळी छापल्या आणि खाली सही घेतली. आधार नंबर, शाळेचं नाव, फोटो असलं काही भरू नका. मागणारे मागतील. कशाला हवंय, असं विचारलं की गप्प बसतात.

आणि नाताळच्या आत सुरू करायचा हट्ट सोडा, ही कळकळीची विनंती. २५ डिसेंबरला चर्चमध्ये पाहुण्यांसह दुप्पट माणसं, वर नाटकाची गडबड, त्यात दारात टॅब अडला तर आया रांगेत उभ्या राहणार नाहीत, पोरं आत सोडून मोकळ्या होतील. जानेवारीतला एखादा साधा रविवार धरा, प्रभुभोजनाचा नको. एकाच वर्गापासून सुरुवात करा, शक्यतो सर्वांत लहान मुलांच्या. जुनी वही महिनाभर शेजारी चालू ठेवा. कमिटी म्हणेल, मग टॅब कशाला घेतले, म्हणू द्या. तुमचं चर्च जुनं दगडी असेल तर राउटर दारातच बसवा. आमच्या भिंती अडीच फुटी, वेदीपाशी ठेवलेल्या राउटरचं वाय-फाय दारात पोचतच नव्हतं आणि सगळे प्रिंटरला शिव्या देत होते. लाइट गेली तर राउटर आणि प्रिंटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत ना, तेही एकदा मेन स्विच पाडून बघा.

शीट चढवण्याआधी वाटलं तर कॉलमांची फक्त शीर्षकं मला पाठवा, नावं नकोत. बघून सांगतो.

आणखी एक, हे आमच्या त्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी शिकवलं. थंडीत लोकरीच्या स्वेटरवर स्टिकर टिकत नाही, आणि छातीवर लावलं तर पोरं उपदेश संपायच्या आत सोलून बाकाला चिकटवतात. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध लावा. हात पोचत नाही.