आणेवारी म्हणावं की पैसेवारी?

प्रश्न असा आला आहे : ‘पेपरात "पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी" असं छापून येतं, गावात मात्र सगळे आणेवारी म्हणतात. बरोबर काय? आणि पिकाचा पैशाशी काय संबंध?’

दोन्ही शब्द बरोबर आहेत. इथे पैसा म्हणजे किंमत नव्हे, हिस्सा. पुरेपूर पीक म्हणजे एक रुपया धरायचा आणि हाती आलेलं पीक त्या रुपयात किती भरतं ते सांगायचं. बारा आणे पीक म्हणजे पाऊण पीक. ‘सोळा आणे खरं’ म्हणतो तेव्हाही अख्खा रुपयाच मनात असतो.

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, असा जुना हिशेब. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले. १९६४मध्ये त्यातलं ‘नवे’ गळून नुसते पैसे उरले. चार आणे आणि आठ आणे २५ आणि ५०मध्ये चपखल बसले, म्हणून बोलण्यात टिकले. दोन आण्यांची चवली साडेबारा पैशांवर अडली. तिला नव्या नाण्यांत जोडीदारच नव्हता. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं. ५० पैशांचं आजही कायदेशीर आहे, दुकानदार घेवो न घेवो.

या बदलामागोमाग सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. समजा, गावाचं प्रमाण उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल ठरलंय आणि पीक कापणी प्रयोगात सरासरी साडेचार निघालं, तर पैसेवारी ४५ पैसे. जाहीर होणाऱ्या आकड्याकडे गाव डोळे लावून बसतं ते यासाठीच : ५०च्या आत आला तर टंचाईच्या सवलतींचा दावा उभा राहतो.

आणेवारीचा आणखी एक अर्थ आहे, तो मला फार आवडतो. सामाईक जमिनीतल्या प्रत्येकाच्या हिश्शालाही सातबाऱ्याच्या व्यवहारात आणेवारीच म्हणतात. तिघा भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, शिल्लक शून्य. १०० पैशांत हे जमत नाही. ३३-३३ करून एक पैसा उरतोच.

तेव्हा पिकाबद्दल सरकारी अर्ज करताना पैसेवारी लिहा, बोलताना खुशाल आणेवारी म्हणा. हिश्शाबद्दल मात्र आणेवारीच. तिथे पैसेवारी म्हटलंत तर समोरचा पिकाचं समजेल.