शस्त्रक्रिया चालू असताना हृदय अर्धा मिनिट थांबून पुन्हा सुरू झाले, तर नोंदीत ‘कार्डिअॅक अरेस्ट’ लिहावे का?

लिहावे. रुग्ण लगेच सावरला तरी ती गुंतागुंत धरायची का, असे तुम्ही विचारले आहे. सावरल्याने घडलेली गोष्ट पुसली जात नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या एका शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताच नाडीचे ठोके चाळिशीत आले आणि पाठोपाठ ईसीजीची रेषा सपाट झाली. सर्जन मान वर न करता म्हणाले, “लीड सुटली असेल.” लीड, म्हणजे ईसीजीची अंगाला चिकटवलेली तार, सुटली तर ईसीजी जातो, पण उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा कोसळत नाही, तो ३४ वरून १२ वर आला होता, ऑक्सिमीटरची लाट गेली होती आणि मानेतली नाडी लागत नव्हती. मी वायू सोडायला लावला, छाती दाबायला सुरुवात केली, ठोके वाढवणारे अॅट्रोपिन दिले. साधारण वीस दाबांनंतर लय परतली. पोट ताणल्याने हृदयाचे ठोके मंदावणारी व्हेगस नस चेतवली जाऊन असे होते हे सर्वज्ञात आहे, त्यामुळे लपवण्याजोगे त्यात काहीच नव्हते. तरीही “ब्रॅडीकार्डिया (ठोके मंदावणे) लिहा, नातेवाईक घाबरतील” असा आग्रह झाला. मी भूलपत्रकात वेळेसह ‘असिस्टोल’ (हृदयाची क्रिया पूर्ण थांबणे) लिहिले. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘शस्त्रक्रिया निर्विघ्न’ असे छापून आले.

वायू सोडल्यावर हृदय आपोआप सुरू झाले असते, असे ते सर्जन अजूनही म्हणतात. झालेही असते; पण ब्रिटनच्या ‘नॅप ७’ या २०२१-२२ च्या देशव्यापी पाहणीने छातीवर पाच किंवा अधिक दाब अथवा डिफिब्रिलेशन (विजेचा झटका) हीच अरेस्टची व्याख्या धरली होती, आणि त्या हिशेबाने साधारण ३००० भुलींमागे एक अरेस्ट आढळला. आमचे वीस दाब त्यात बसतात. अमेरिकी आयसीडी-१० या आजारांच्या सांकेतिक यादीत शस्त्रक्रियेदरम्यानच्या (आय९७.७१) आणि नंतरच्या (आय९७.१२) अरेस्टला वेगळे कोड आहेत, म्हणून घड्याळातली वेळ, लय, दाब, औषध आणि नाडी परतल्याचा क्षण हे सारे लिहा.

एक राहिलेच: हृदयशस्त्रक्रियेत कार्डिओप्लेजियाने (हृदय थांबवणाऱ्या द्रावणाने) मुद्दाम थांबवलेले हृदय यात मोजत नाहीत, आणि मृत्यूच्या दाखल्यावर मूळ कारण म्हणून नुसता ‘कार्डिअॅक अरेस्ट’ चालत नाही, कारण हृदय शेवटी प्रत्येकाचेच थांबते. शिवाय गुंतागुंत नोंदवणे म्हणजे कोणाची चूक नोंदवणे नव्हे. हे मी त्या दिवशी सर्जनना शांतपणे सांगायला हवे होते, आवाज चढवून नव्हे.