मोठा मॉनिटर घेऊ की सरळ टीव्हीच लावू कॉम्प्युटरला?

म्हणजे तुमचं म्हणणं असं की दिवसभर एक्सेल, ब्राउझर, थोडं कोडिंग, रात्री एखादा सिनेमा, आणि जेवढ्या पैशात ३२ इंची फोर-के मॉनिटर येतो तेवढ्यात ४३ किंवा ५५ इंची फोर-के टीव्ही येतोय, मग मॉनिटर कशाला घ्यायचा? मी दोन्ही वापरलंय, त्यामुळे आधीच सांगून टाकतो, दिवसभर वाचायचं आणि टाइप करायचं असेल तर मॉनिटर घ्या. टीव्हीनेही भागतं पण त्याला अटी बऱ्याच आहेत.

आधी इंच बघणं सोडा आणि एका इंचात पिक्सेल किती बसतात ते बघा. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, स्क्रीन कितीही मोठी केली तरी पिक्सेल तेवढेच, फक्त ते फुगतात. ३२ इंचीत इंचाला साधारण १३८ पिक्सेल येतात, ४३ ला १०२, ५५ ला ८०. आता ऑफिसात सगळीकडे दिसतो तो २४ इंची फुल एचडी मॉनिटर, त्याचे होतात ९२. म्हणजे ४३ इंची टीव्ही त्याच्यापेक्षा जरा उजवाच आहे पण ५५ वाला त्याच्याही खाली गेला. आणि कुणी घरात पडलेला जुना ३२ इंची एचडी रेडी टीव्ही वापर म्हणालं तर हात जोडा, तिथे इंचाला ४९ च पिक्सेल असतात, दोन तासांत डोळे चुरचुरायला लागतील.

सोफ्यावरून यातलं काही जाणवत नाही कारण तिथून टीव्ही दोन-तीन मीटर लांब असतो. टेबलावर मात्र आपण हातभर अंतरावर बसतो. ४३ इंची म्हणजे जवळजवळ ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५३ सेंटीमीटर उंच, एवढी स्क्रीन इतक्या जवळ असली की कोपऱ्यात बघायला मान फिरवावी लागते आणि वरच्या टॅबकडे बघून बघून मान आखडते ती वेगळीच. त्यात पॅनल व्हीए नावाच्या प्रकारचं असेल (टीव्हीत बऱ्याचदा तेच असतं) तर इतक्या जवळून कडेचे रंग फिके दिसतात. टेबल किमान ८० सेंटीमीटर खोल असेल किंवा टीव्ही मागच्या भिंतीवर लावता येणार असेल तरच ४३ चा विचार करा, ५५ तर मी टेबलावर ठेवायला कुणालाच सांगणार नाही.

आता खरी गोम. टीव्हीवर येणाऱ्या सिनेमा-व्हिडिओत रंगाची माहिती कमी केलेली असते, त्याला ४:२:० म्हणतात, म्हणजे उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा पण रंग चार पिक्सेलना मिळून एकच. सिनेमात ते कळतही नाही. पण काळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल अशी बारीक अक्षरं आली की कडा फिसकटतात, आणि कोड एडिटरमध्ये तर सगळी अशीच रंगीत अक्षरं असतात. कॉम्प्युटर पूर्ण ४:४:४ (म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा वेगळा) पाठवत असला तरी बरेच टीव्ही ते आत गेल्यावर कापतात, काही फक्त पीसी मोडमध्ये नीट दाखवतात आणि काही कशातच नाही. बॉक्सवर हे लिहिलेलं नसतं म्हणून नेमक्या मॉडेलचा रिव्ह्यू शोधून ४:४:४ बद्दल काय लिहिलंय ते वाचा, मॉनिटरच्या बाबतीत ही भानगड सहसा नसते.

लॅपटॉपचा पोर्टही बघून घ्या. जुना एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के ला ३० हर्ट्झच (सेकंदाला तीसच चित्रं) मिळतात आणि माउस मागून ओढल्यासारखा येतो, ६० साठी २.० लागतो. डिस्प्लेपोर्ट हा मॉनिटरला असणारा दुसरा पोर्ट टीव्हीला सहसा नसतोच.

समजा टीव्हीच घेतला किंवा घरात आहेच, तर इनपुटचा प्रकार पीसी करा नाहीतर गेम मोड लावा, कारण नेहमीच्या मोडमध्ये टीव्ही चित्र सजवत बसतो आणि तेवढ्यात माउस मागे राहतो. टास्कबार कडेला कापला जात असेल तर तो ओव्हरस्कॅन, सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी नाव असतं ते चालू करा. शार्पनेस कमी करत जा, अक्षरांभोवतीची पांढरट कड गेली की थांबा. ब्राइटनेस पण उतरवा, शोरूममधला झगझगाट हातभर अंतरावर सहन होत नाही. एवढं करूनही एक कटकट राहतेच, कॉम्प्युटर झोपेतून उठला तरी बरेचसे टीव्ही उठत नाहीत, रोज सकाळी रिमोट शोधा.

ओलेड टीव्ही (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) सिनेमाला अप्रतिम, याबद्दल वाद नाही. पण दिवसभर एकाच जागी टास्कबार आणि एक्सेलची पट्टी राहिली तर डाग कायमचा बसण्याचा धोका असतो, शिवाय पांढरं पान मोठं उघडलं की तो आपोआप मंद होतो. एक्सेलवाल्याने या वाटेला जाऊच नये.

तुमच्या कामाला मी ३२ इंची फोर-के आयपीएस (कडेनेही रंग फारसे न बदलणाऱ्या पॅनलचा) मॉनिटर घेईन, विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चिन्हांचा आकार) १२५ किंवा १५० टक्के ठेवीन, आणि स्टँड वर-खाली होणारा बघून घेईन (टीव्हीच्या दोन टोकांच्या पायांवर हे जमत नाही). २७ इंची १४४० वाला (२५६० बाय १४४० पिक्सेल) पण वाईट नाही, त्यात इंचाला १०९ पिक्सेल येतात, बजेट उरेल ते खुर्चीवर घाला.

तरीही मन टीव्हीकडेच ओढत असेल तर आपला लॅपटॉप आणि केबल घेऊन दुकानात जा, काळ्या पानावर लाल-निळी बारीक अक्षरं आणि एक भरलेली एक्सेल शीट उघडा, आणि टेबलावर जेवढ्या अंतरावर बसता तेवढ्यावरून दहा मिनिटं वाचून बघा. सेल्समन डेमो व्हिडिओ लावायला येईल, त्याला लावू देऊ नका.