जुन्या जीपचा स्टिअरिंग बॉक्स गळतो. ऑइलऐवजी ग्रीस भरलं तर चालेल का?

नाही. अजिबात भरू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची सीजे-३बी जीप आहे, ड्रॉप आर्मपाशी (बॉक्सच्या शाफ्टवर बसवलेला, चाकं वळवणारा दांडा) ऑइल टपकतं आणि मिस्त्री म्हणतो, "ऑइल सोडून द्या, ग्रीस मारतो, एक थेंब पडणार नाही." हेच वाक्य मी १९९८ साली आमच्या अंगणात उभा राहून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. तो मिस्त्री खोटं बोलत नाही. ग्रीस भरल्यावर गळायचं थांबतं. आमचंही थांबलं होतं.

आमची जीप १९७४ची, पेट्रोल, एफ-हेड इंजिनाची. वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली. राधानगरीच्या बाजूला आमची शेती, त्यामुळं खताच्या पोत्यांपासून बाळंतिणीपर्यंत सगळं तिच्यातूनच जायचं. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, सारवलेल्या अंगणात रोज सकाळी तळहाताएवढा काळा डाग पडलेला असायचा आणि आईची त्यावरून रोज बोलणी. दर पंधरा दिवसांनी बॉक्सचा प्लग काढून ऑइल घालायचं काम माझ्याकडं. वडिलांनी शाफ्टभोवती ऑइल अडवणारं सील दोनदा बदलून घेतलं. महिनाभर बरं, पुन्हा तेच.

शेवटी थोरल्या भावानं, दादानं, तालुक्याच्या गावातून एक मिस्त्री आणला आणि बॉक्समध्ये चासीची, म्हणजे गाडीखालच्या सांध्यांना मारायची, घट्ट ग्रीस ठासून भरली. मी नको म्हणत होतो. दादा म्हणाला, "बैलगाडीच्या आखाला काय ऑइल घालतो व्हय? शंभर वर्षं वंगणावरच चालल्यात गाड्या." वडील मध्ये पडले नाहीत. मी तेव्हा आयटीआय करून नुकताच आलेलो, माझं कोण ऐकणार.

आखाचं उदाहरण इथं लागूच होत नाही, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. आखाभोवती चाक फिरतं आणि वंगण दोन्हींच्या मध्ये अडकून राहतं. जीपच्या बॉक्समध्ये, म्हणजे जुन्या रॉस पद्धतीच्या बॉक्समध्ये, स्टिअरिंगच्या नळीच्या टोकाला एक कॅम असतो, म्हणजे स्क्रूच्या आट्यासारखी पिळाची खाच असलेला लोखंडी गोळा. ड्रॉप आर्म फिरवणाऱ्या शाफ्टच्या आतल्या टोकाला लिव्हर असतो, त्याच्या दोन निमुळत्या पिना त्या खाचेत घासत पुढं-मागं सरकतात. तिथं घट्ट ग्रीस पहिल्या दोन दिवसांत पिनेच्या वाटेतून बाजूला ढकलली जाते आणि बाजूलाच राहते. ऑइल वाहून परत खाचेत येतं, ग्रीस येत नाही.

चार महिन्यांनी बहिणीकडं कणकवलीला निघालो होतो. दादा चालवत होता, मी शेजारी. दाजीपूरपर्यंत काही कळलं नाही. फोंडा घाट उतरायला लागल्यावर दादा गप्प झाला. एरवी वळण संपलं की चाक आपसूक सरळ व्हायचं, ते आता हातानं ओढून आणावं लागत होतं. आणि बरोबर मध्यावर येताना काहीतरी अडायचं, मग एकदम सुटायचं. एका वळणावर ते असं सुटलं की पुढचं चाक कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलं. दादाच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या. मागं वहिनी आणि दोन पोरं. तिथून फोंड्यापर्यंत पहिल्या गिअरमध्ये उतरलो.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं बॉक्स उघडला. बाजूचं झाकण काढलं तर चारी भिंतींना ग्रीस लिंपलेली आणि मधोमध स्वच्छ बोगदा. मिस्त्रींनी त्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "माल हाय, पण कामावर नाही." एका पिनेला नखाएवढा सपाट चट्टा पडला होता, निळसर. कॅमच्या खाचेत मधल्या भागात, जिथं गाडी सरळ चालताना पिन असते तिथंच, खड्डे.

मग त्यांनी लिव्हरचा शाफ्ट बाहेरच्या टोकाला धरून हलवला. खट् खट्. "सील कशाला शिव्या खातंय? बुश गेलाय." बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी. शाफ्ट बुशमध्ये डुलत असेल तर नवं कोरं सील पण त्याच्या मागं पळू शकत नाही. वडिलांनी दोनदा बदललेलं सील दोन्ही वेळा का गेलं, ते त्या एका मिनिटात कळलं. गनमेटलचे नवे बुश लेथवर काढून, दाबून बसवून, रीमर मारून आतलं भोक मापात केलं. सीलच्या ओठानं शाफ्टवर घासून पाडलेली चर हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून भरली. कॅम आणि लिव्हर मात्र दुसरे शोधावे लागले, आणि खर्च खरा तिथंच झाला.

तर तुम्ही आधी बॉक्स बाहेरून डिझेलनं धुऊन पुसून काढा आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. झाकणाच्या पॅकिंगमधून किंवा अॅडजस्टिंग स्क्रूच्या आट्यातून येत असेल तर काम स्वस्तात होईल. शाफ्टच्या सीलमधून येत असेल तर सील आणायच्या आधी ड्रॉप आर्म हलवून बुशचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा. ड्रॉप आर्म काढताना खूण करून ठेवा आणि पुलरच (ओढून काढायचं हत्यार) लावा. आडवा हातोडा मारू देऊ नका, तो दणका थेट पिनेवर जातो. ऑइल ९० किंवा १४० नंबरचं, बॉक्स जुना असेल तर १४०. गनमेटलचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे, बुश आहेत म्हणून डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा अशा धातूला चालणारा दर्जा) बघून घ्या.

अॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले काढायची घाई नको. आधी कॅमचा वर-खाली प्ले शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून घालवायचा, मग ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकांकडं जाणारा दांडा) सोडून, स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून स्क्रू आवळायचा. तिथं हाताला किंचित जड लागलं की बास. टोकाला वळवून आवळला तर मध्यावर अडणार, कारण टोकांना मुळातच थोडी ढिलाई ठेवलेली असते.

दादा अजून म्हणतो की ग्रीसमुळं नाही, कॅम आधीच गेला होता. थोडा गेला असेलही. पण चोवीस वर्षं ऑइलवर चाललेला बॉक्स ग्रीसवर चार महिन्यांत घाटात अडला, याला उत्तर त्याच्याकडं नाही.

एक सांगायचं राहिलं. पातळ, वाहणारी ००ची ग्रीस वेगळी, ती परत खाचेत येते, आणि सुट्टे भाग मिळेपर्यंत ती घातली तर माझी हरकत नाही. तुमचा मिस्त्री ती म्हणत असेल तर त्याची माफी मागतो, पण डबा उघडून बघा. बोट बुडवून वर काढल्यावर तार धरून खाली ओघळली पाहिजे. गोळा बोटावर तसाच राहिला तर ती चासीची. आणि बॉक्सच्या बॉडीलाच तडा असेल तर यातलं काहीच करू नका, बॉडी बदला, वेल्डिंग करून घाटात जाऊ नका.

घट्ट ग्रीस आधीच भरून झाली असेल तर वरून ऑइल ओतून भागत नाही. झाकण काढून सगळी खरवडून काढा, डिझेलनं दोनदा धुवा, आणि बंद करायच्या आधी टॉर्च मारून पिनांची टोकं बघा.