मीठ खाल्लेली गाडी

प्रश्न : माझी मुलगी ओटावाला नोकरीला आहे. पहिला हिवाळा तिने बसने काढला, आता जुनी सेडान घ्यायची म्हणते. दोन गाड्या पाहिल्यात. दोन्ही २०१५च्या टोयोटा कॅमरी, पेट्रोल, किंमतही जवळपास सारखीच. पहिली तिथल्याच एका आजींची, फक्त ८० हजार किलोमीटर चाललेली, कायम इमारतीच्या तळघरातल्या उबदार पार्किंगमध्ये. दुसरी गेल्या वर्षी व्हँकुव्हरहून ओटावाला आलेल्या कुटुंबाची, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. आमचे हे म्हणतात, डोळे झाकून आजींची घ्या. तुमचं मत काय? आणि तिकडच्या थंडीत गाडीची काळजी कशी घ्यायची?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, यजमानांना सांगा, डोळे झाकायचे नाहीत, उलट गाडीखाली घालायचे.

पुण्यात जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, सिंगल ओनर बघतो आणि शक्यतो डॉक्टरची गाडी शोधतो. (विकायला आलेली निम्मी गाडी डॉक्टरचीच कशी असते, हे मला आजवर उमगलेलं नाही.) इथे ते खपून जातं. ओटावात मात्र गाडी खालून मरते. बर्फ वितळावा म्हणून तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात. ते पाण्याबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. मी नाना पेठेतलं गॅरेज भावाच्या हवाली करून काही वर्षं ऑन्टारिओतल्या (ओटावा याच प्रांतात) एका वर्कशॉपमध्ये काम केलं. इंजिन ठणठणीत आणि खालचा पत्रा चिरोट्यासारखा पापुद्रे सुटलेला, अशा गाड्या तिथे नेहमीच्याच.

आता आजींचं उबदार पार्किंग. तुम्हाला ती जमेची बाजू वाटली, मला उलट तिथेच शंका आली. बाहेर उणे वीसमध्ये उभ्या गाडीवरचा खारट बर्फ गोठलेला राहतो, गंजाचं काम मंदावतं. तीच गाडी रोज उबेत आली की बर्फ वितळून खारं पाणी प्रत्येक सांध्यात शिरतं आणि गंजाला जोर येतो. शिवाय आजी जाणार कुठवर? वाण्याकडे आणि परत. एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बॅटरी कधी पूर्ण चार्ज होत नाही. ते ८० हजार वाटतात तितके सोपे गेलेले नाहीत.

व्हँकुव्हरचा हिवाळा बराचसा पावसाचा, मिठाची गरज क्वचित. म्हणजे दुसऱ्या गाडीने खरं मीठ एकच हिवाळा खाल्लंय. अडीच लिटरचं ते चार सिलिंडरचं इंजिन टायमिंग चेनवर चालतं, त्यामुळे बेल्ट बदलायची भानगड नाही. ऑइल वेळेवर बदललं असेल तर १ लाख ६० हजार म्हणजे काही म्हातारपण नव्हे. माझा कौल दुसरीला, पण गाडी लिफ्टवर बघितल्याशिवाय नाही.

मेकॅनिक मुलीने स्वतः शोधावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. लिफ्टवर सायलेन्सर आणि बोल्टांवर तांबूस रंग दिसेलच, त्याने घाबरायचं नाही. बघायचं ते तीन ठिकाणी. मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे पाइप. मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती आडवी फ्रेम. आणि दाराखालच्या पट्टीतले जॅक लावायचे पॉइंट. मेकॅनिकने तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबावं. चांगला पत्रा टणक लागतो. सडलेला आधी जरासा कुरकुरतो, मग टोक आत जातं आणि तपकिरी भुगा हातावर पडतो. तो दिसला की किंमत कमी करत बसू नये, सरळ घरी यावं. पोटाला ताजा काळा रंग मारलेला असेल तर जास्तच खोदून बघायचं. विकायच्या तोंडावर कुणी प्रेमाने अंडरकोटिंग करत नाही.

गाडी थंड असतानाच सुरू करून बघावी, बॉनेटला हात लावून खात्री करावी. मग हीटर पूर्ण सोडायचा. गोडसर वास आला, काचा आतून तेलकट धुरकटल्या, शेजारच्या सीटखालचा कार्पेट ओला लागला, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. तो बदलायला बहुतेक वेळा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑन्टारिओत खासगी विक्रेत्याने ‘यूज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज’ द्यायचं असतं, त्यात आधीचे मालक आणि गाडीवरचं कर्ज कळतं. अपघातांसाठी कारफॅक्स या गाड्यांचा इतिहास पुरवणाऱ्या कंपनीचा अहवाल. सेफ्टी सर्टिफिकेट ३६ दिवस चालतं. त्या दिवशी गाडी किमान निकषांत बसली, एवढाच त्याचा अर्थ.

गाडी घेतली की पहिला खर्च टायरचा. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले चार विंटर टायर, दोन नव्हेत. पारा ७ अंशांखाली गेला की साधं रबर कडक होऊन पकड सोडतं. नदीपलीकडे गातिनोला, म्हणजे क्वेबेकात, तिथल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचेच आहेत. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण विम्यात सवलत मिळते. चारही चाकं ओढणारी कॅमरी २०२०च्या मॉडेलपासून पुन्हा मिळू लागली. हिची पुढची दोनच ओढतात, आणि चांगल्या टायरवर शहरात तेवढं पुरतं.

दुसरा खर्च बॅटरीचा. उणे १८ला तिची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट होतं. व्हँकुव्हरची जुनी बॅटरी असेल तर नोव्हेंबरआधी काढून टाका. ब्लॉक हीटरचा (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर उबदार ठेवणारा हीटर) प्लग ग्रिलमधून डोकावतोय का बघा; नसेल तर बसवून घ्या. निघायच्या तीनेक तास आधी टायमरने लावला की पुरे. कूलंट तपासून घ्या. निम्मं अँटिफ्रीझ आणि निम्मं पाणी असलं तर उणे ३७पर्यंत गोठत नाही, पण आधीच्या मालकाने वरचेवर नुसतं पाणी ओतलं असेल तर भरवसा नाही. काच धुवायलाही नळाचं पाणी आणि शाम्पू ही आपली सवय नको, टाकी फुटेल. दर शरद ऋतूत पोटाला गंजरोधक तेलाचा फवारा, आणि पारा शून्याच्या वर चढला की गाडी खालून धुऊन घेणं, हे चुकवू नये.

प्रश्न : थंडीत सकाळी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून तापवावी का?
— एक वाचक, पाषाण

उत्तर : नको. पाषाणची थंडी पेट्रोल इंजिनाच्या खिजगणतीत नसते. अर्धा मिनिट थांबा आणि निघा, पहिले दोन किलोमीटर ॲक्सिलरेटर बेताने दाबा. गॅरेजचं शटर खाली ओढून तर कधीच गाडी चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.