तळ्याकाठी कलावंत जोडप्याचं एखादं पाहण्यासारखं घर आहे का?

फिनलंडमधलं व्हिट्रेस्क. हेलसिंकीच्या पश्चिमेला, तळ्यावरच्या चढावर. गेसेलियस, लिंडग्रेन आणि एलिएल सारिनेन या तीन वास्तुकारांनी 1901 ते 1903 मध्ये ते स्वतःसाठी घर आणि कचेरी म्हणून बांधलं. 1904 मध्ये सारिनेननी गेसेलियसची शिल्पकार बहीण लोया हिच्याशी लग्न केलं. पुढे ते मुख्यतः या दोघांचंच घर झालं.

खाली ओबडधोबड दगड, वर लाकडी ओंडके. आत दिवाणखान्यात फिनिश चित्रकार गालेन-कालेलाचा विणलेला गालिचा भिंतीवरून उतरून बाकावर पसरतो, तर जेवणघराला मध्ययुगीन चर्चसारखं कमानदार छत. माझ्या मते खरी कमाल या अंतर्भागातच आहे. प्रसिद्ध वास्तुकार ईरो सारिनेन त्यांचाच मुलगा, इथेच वाढला. 1923 मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. नंतर व्हिट्रेस्कचं संग्रहालय झालं.